ला पाझच्या बाजारात नवरा पुढे निघून गेला

*ताई, नमस्कार. आम्ही दोघं नाशिकचे, लग्नाला चार वर्षं झाली. नोकरीतून ब्रेक घेऊन पेरू-बोलिव्हिया बॅकपॅकिंग करतोय. बुधवारी रात्री लिमाहून विमानानं थेट ला पाझला उतरलो आणि गुरुवार अख्खा शहर बघायला ठेवला होता. नवऱ्यानं एक्सेल शीट केलेली, चौदा ठिकाणं, सकाळी साडेसातला सुरू. मला रात्रभर झोप नव्हती, डोकं ठणकत होतं, पण त्यानं एवढी मेहनत घेतली म्हणून मी काही बोलले नाही. तो पक्का शाकाहारी, दिवसभर केळी आणि बिस्किटांवर. दुपारी वर, ला पाझला लागून असलेल्या एल आल्तोच्या बाजारात मी श्वास घ्यायला थांबले आणि तो पुढे निघून गेला, मागे वळूनही बघितलं नाही. सिमकार्ड एकच, ते त्याच्या फोनमध्ये. एक तास चाळीस मिनिटं मी जुनी जॅकेटं विकणाऱ्या एका बाईंशेजारी बसून होते, त्यांनीच स्टूल दिलं, कोकाचा चहा पाजला. सापडल्यावर ह्याचं पहिलं वाक्य, "अगं तू थांबलीस कशाला?" त्यानंतर उयुनी, पोतोसी करून आता सुक्रेत आहोत, बोलणं कामापुरतं. सोमवारी पहाटे ला पाझहून परतीचं विमान आहे, त्याआधी रविवार पूर्ण मोकळा. तो म्हणतो राहिलेली नऊ ठिकाणं करून टाकू. मला त्या शहरात पाऊलही ठेवायचं नाहीये. दोन आठवडे झाले तरी तो दिवस डोक्यातून जात नाही. आम्ही एकमेकांसाठी नाहीच आहोत का?*

*दमलेली, नाशिक*

अगं दमलेली,

तुझं पत्र वाचताना मला एका ठिकाणी हसू आलं, त्याबद्दल आधीच सॉरी. "अगं तू थांबलीस कशाला" हे वाक्य. हे वाक्य मी दादरच्या भाजी मार्केटमध्ये ऐकलंय, पंढरपुरात ऐकलंय, दुबईच्या एअरपोर्टवर ऐकलंय, आणि ते म्हणणारा माणूस दर वेळी स्वतः टरकलेला असतो आणि ते लपवायला ओरडतो. म्हणून ते माफ होतं असं मी म्हणत नाहीये, त्यावर येतेच मी. पण आधी ला पाझबद्दल बोलू, कारण तुझ्या पत्रातला निम्मा गुन्हेगार ते शहर आहे आणि त्याला कोणी आरोपीच केलेलं नाही.

तू नाशिकची, म्हणजे कळसूबाई केली असशील. १,६४६ मीटर. आता दोन कळसूबाई एकीवर एक ठेव, तरी ला पाझचा मुख्य चौक, तो प्लाझा मुरिल्यो, त्याच्या वरच राहतो, साधारण ३,६४० मीटरवर. आणि तुम्ही उतरलात ते विमानतळ तर त्याहून वर एल आल्तोत आहे, ४,००० मीटरच्या पुढे. लिमा म्हणजे समुद्रकिनाऱ्याचं गाव, तिथून विमानात बसलात आणि दोनेक तासांत चार हजार मीटरवर उतरलात. तिथे प्रत्येक श्वासात तुला समुद्रकाठच्या मानानं साधारण साठ टक्के ऑक्सिजन मिळतो. आपली माणसं लेहला जातात तेव्हा ट्रॅव्हलवाला, हॉटेलवाला, शेजारचे काका, सगळे एकच सांगतात, पहिला दिवस झोपून काढा. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. म्हणजे तुम्ही लेहच्याही वर उतरलात आणि दुसऱ्या दिवशी साडेसातला एक्सेल शीट उघडलीत.

रात्रभर झोप नाही, डोकं ठणकतंय, जेवण जात नाही, आणि जरा काही झालं की रडू नाहीतर राग, हे सगळं उंचीचं दुखणं आहे गं. उतरल्यावर काही तासांत सुरू होतं, पहिला दीड-दोन दिवस जोर असतो आणि मग शरीर सावरतं. चिडचिड हा त्यातलाच भाग आहे, फक्त ती डोकेदुखीसारखी "आपल्याला झालेली" वाटत नाही, ती समोरच्याने केलेली वाटते. मी स्वतः मे २०१७ मध्ये ला पाझच्या एका हॉस्टेलच्या जिन्यात बसून हमसून हमसून रडलेय, कारण काय, तर नवरा चावी खाली रिसेप्शनवर विसरला होता आणि आमची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. तीन मजले! डोंबिवलीत मी लिफ्ट बंद असली की पाच मजले चढायचे, हातात दळण घेऊन. आणि तिथे बसून मी ह्या माणसाशी लग्न का केलं इथपर्यंत विचार करून आले. खरंच. दुसऱ्या दिवशी दुपारी मला तो पुन्हा आवडायला लागला, मधल्या काळात त्याने काहीही वेगळं केलेलं नव्हतं.

(आता पुढे जे वाचक जाणार आहेत त्यांच्यासाठी एकदाच सांगते, डॉक्टरांना विचारून डायमॉक्स ही उंचीच्या त्रासाची गोळी आधीपासून सुरू करता येते, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगा. कोकाचा चहा तिथे कायदेशीर आहे, ऊब येते, तरतरी येते, पण तो काही औषध नाही. आणि बसल्या जागी धाप लागायला लागली, चालताना झोक जायला लागला, किंवा माणूस भलतंच बोलायला लागला तर पुढची ठिकाणं सोडा, लगेच खाली उतरायचं आणि डॉक्टर गाठायचा. यात हुशारी नको.)

आणि वर ते शहर. मी मुंबईत वाढलेय, मला गर्दीचं काही वाटत नाही असा माझा समज होता. पण ला पाझची गर्दी उभी आहे गं, आपल्यासारखी आडवी नाही. एका मोठ्या वाडग्याच्या आतल्या भिंतींवर घरं चिकटवावीत तसं ते शहर, कुठेही जायचं म्हणजे एकतर चढ नाहीतर उतार, फुटपाथवर दुकानं, दुकानांसमोर खाली बसलेल्या बायका, त्यांच्या समोरून तू, आणि तुझ्या कोपराला घासून मिनीबस, तिच्या दारात लटकलेला पोरगा सगळ्या स्टॉपची नावं एका दमात ओरडतोय, आपल्या वडाप-टमटमवाल्यांसारखाच, फक्त स्पॅनिशमध्ये. चौकात झेब्र्याचा ड्रेस घातलेली पोरं ट्रॅफिक अडवून म्हाताऱ्यांना रस्ता क्रॉस करून देतात, २००१ पासून चालू आहे हा प्रकार, मला तर पहिल्या दिवशी वाटलं उंचीमुळे भास होतोय. बूटपॉलिशवाले डोळे सोडून पूर्ण चेहरा झाकलेले असतात, कारण त्या कामाला लोक हलकं समजतात, काहींच्या घरीही माहीत नसतं. मुरिल्यो चौकात संसदेच्या इमारतीवरचं घड्याळ २०१४ मध्ये उलटं फिरवलं, आम्ही दक्षिणेतले, आमचं घड्याळ दक्षिणेच्या बाजूनं फिरणार म्हणून. एवढं सगळं डोळ्यांसमोर येत असताना, रात्रभर न झोपलेलं डोकं घेऊन, पाच ठिकाणं टिकमार्क झाली हेच मला जास्त वाटतंय. चौदातली नऊ राहिली म्हणजे पाच केलीत ना? शाब्बास.

आता खरं बोलू.

उंचीच्या नावावर सगळंच खपवायचं नाही. तो पुढे गेला आणि मागे वळून बघितलं नाही हे उंचीनं केलेलं नाही, हे त्याच्या चालायच्या सवयीनं केलंय, आणि ही सवय नाशिकलाही असणार, तू फक्त कधी चाळीस टक्के कमी ऑक्सिजनमध्ये अनुभवली नव्हतीस. अनोळखी देशात, फोन चालत नसलेल्या बायकोला भर बाजारात एक तास चाळीस मिनिटं ताटकळत ठेवणं, आणि सापडल्यावर तिलाच विचारणं की थांबलीस कशाला, याला सरळ माफी मागावी लागते. "अगं मी पण घाबरलो होतो" हे माफीच्या नंतर सांगायचं असतं, माफीच्या ऐवजी नाही. जावईबापू, हा परिच्छेद तुमच्यासाठी आहे, तिनं वाचून दाखवला तर मध्ये बोलू नका.

पण दमलेली, तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, "त्यानं एवढी मेहनत घेतली म्हणून मी काही बोलले नाही." साडेसात ते दुपार, म्हणजे पाच-सहा तास तू डोकं ठणकत असताना गप्प होतीस. तुला ते समजूतदारपणाचं वाटलं असेल, आपल्याकडे मुलींना हे शिकवूनच पाठवतात, पण त्याला त्या पाच-सहा तासांत काय दिसलं? बायको चालतेय, बरोबर आहे, बाजारात येऊन अचानक गायब. तू थकल्याची त्याला बातमीच नव्हती. मी तुझ्यावर खापर फोडत नाहीये, वळून बघायची जबाबदारी त्याचीच होती. पण रविवारी तू पुन्हा गप्प बसून चालणार असशील तर बाकी माझा सगळा सल्ला फुकट आहे.

आणि तिसरी गोष्ट, जी तू सहज लिहून पुढे गेलीस. तो दिवसभर केळी आणि बिस्किटांवर होता! अगं, उपाशी पुरुषाच्या हातात शीट म्हणजे काय होणार. तो चालत होता कारण थांबला असता तर त्याला कळलं असतं की त्याच्यातही त्राण नाही. ला पाझमध्ये शाकाहारी माणसाचे हाल होतात असं सगळे सांगतात कारण सकाळी सगळं गाव साल्तेन्या खातं, म्हणजे आपल्या करंजीसारखी पण आत रस्सेदार बीफ नाहीतर चिकन, आणि शेंगदाण्याचं सूप दिसायला आपल्याला जवळचं वाटलं तरी बहुतेक वेळा त्यात हाडाचं पाणी असतं. पण तिथे प्लातो पासेन्यो नावाचं ताट मिळतं, ला पाझचंच, त्यात मक्याचं उकडलेलं कणीस, बटाटा, सालीसकट मोठा वाल म्हणजे हाबास, आणि तळलेला चीजचा तुकडा, बास, मांस नसतंच. म्हणतात की हे १७८१ च्या वेढ्यात जन्मलं, शहरात मांस येणं बंद झालं होतं तेव्हा. ऑर्डर देताना "सिन कार्ने" म्हणजे मांसाशिवाय असं तेवढं म्हणा, कारण काही ठिकाणी वर एक तुकडा ठेवून देतात. बरोबर ल्याह्वा मागायची, लाल टोमॅटो आणि लोकोतो नावाची त्यांची जाडजूड मिरची दगडावर वाटलेली, तो त्यांचा ठेचा आहे, मी जिन्यात रडले त्याच्या दुसऱ्या दिवशी ल्याह्वानेच मला माणसात आणलं. सकाळी बाजारात आपि मिळतं, जांभळ्या मक्याचं दालचिनी घातलेलं गरम गरम पेय, त्याबरोबर चीज भरलेली फुगलेली तळलेली पुरी, तिला ते पास्तेल म्हणतात. हे पोटात असतं तर तो गुरुवार वेगळा गेला असता, पैज लावते.

तो वेढा कोणी घातला माहितीये का, नवरा-बायकोनं. तुपाक कातारी आणि बार्तोलिना सिसा, आयमारा लोक, स्पॅनिश राजवटीविरुद्ध उठले आणि वर एल आल्तोच्या कड्यावर तळ ठोकून खालच्या शहराची नाकेबंदी केली, तीही सैन्य सांभाळायची. शेवट फार वाईट झाला, दोघांनाही हालहाल करून मारलं. मी हे उगाच सांगतेय, तुझ्या प्रश्नाशी काही संबंध नाही, पण तुम्ही ज्या कड्यावर भांडलात तो साधा कडा नाही एवढंच.

आता रविवार. जायचंच नाही असं तू म्हणतेस, पण सोमवारी पहाटेचं विमान आहे म्हणजे ला पाझला पोचायचंच आहे, मग हॉस्टेलच्या खोलीत तोंड फिरवून दिवस काढण्यापेक्षा मी सांगते तसं करून बघ. आणि एक चांगली बातमी, तुम्ही आता ते लिमाहून आलेले लोक राहिलेले नाही. उयुनी साडेतीन हजारच्या वर, पोतोसी चार हजारच्या आसपास, सुक्रे २,८०० ला, म्हणजे दोन आठवडे तुमचं शरीर उंचीवरच राहतंय. यावेळी ला पाझ तुम्हाला बरंच हलकं वाटेल. शक्यतो शनिवारीच पोचा आणि रात्री नीट झोपा, रात्रभराच्या बसनं रविवारी सकाळी आंबलेल्या अंगानं उतरू नका.

शीट फाडायची नाही. त्यानं कष्टानं केलीये, फाडलीस तर तो दिवसभर तोंड पाडून फिरेल आणि मग तू म्हणशील बघा मी काही मागितलं की असं होतं. शीट समोर घ्यायची आणि नऊतली एक त्यानं निवडायची, एक तू, आणि तिसरी जागा मी सांगते ती. तीन. चौथं झालं तर झालं.

आणि पायांसाठी एकच नियम, चढायचं रोपवेच्या डब्यातून, पायी चालायचं ते फक्त उतारानं. ह्या शहराने रोपवे आपल्यासारखा रोप-वे-टू-देवीचं-मंदिर म्हणून नाही बांधला, ती तिथली लोकल ट्रेन आहे. २०१४ मध्ये पहिली लाल लाईन सुरू झाली, आम्ही गेलो तेव्हा चार लाईनी होत्या, आता दहा आहेत, सगळ्या मिळून तीसेक किलोमीटर, डब्यात दहा माणसं, शाळेची पोरं, ऑफिसवाले, बटाट्याचं पोतं घेतलेल्या आजी, सगळे त्यातूनच. आमच्या वेळी तिकीट तीन बोलिव्हियानो होतं, म्हणजे चहाच्या भावात हिमालयासारखा व्ह्यू. रविवारी वेळ जरा कमी असते तेवढी स्टेशनवर वाचून घ्या. तर सकाळी नाश्ता करून, खरा नाश्ता, सेंट्रल स्टेशनवरून लाल लाईन पकडा. मध्ये ती मोठ्या कबरस्तानावरून जाते, खाली बघा, ते कबरस्तान म्हणजे मजल्यामजल्यांची छोटी सोसायटीच आहे, प्रत्येक खणाला काचेचं दार, आत फुलं, फोटो, मेलेल्या माणसाला आवडणारी छोटीशी कोकची बाटली. नोव्हेंबरच्या एक तारखेला दुपारी पितर घरी येतात असं ते लोक मानतात आणि त्यांच्यासाठी बाळाच्या आकाराचे पाव भाजून आवडीचं ताट मांडतात. आपल्या सर्वपित्रीसारखंच, फक्त कावळ्याची वाट बघत नाहीत.

लाल लाईन वर जिथे संपते तिथेच तो बाजार आहे, १६ दे हुलियो, गुरुवारी आणि रविवारी भरणारा. हो, तोच. थांब, लगेच नाही म्हणू नकोस, त्यावर शेवटी बोलते.

बाजारातून निघालात की चंदेरी लाईन घ्या, ही आमच्या वेळी नव्हती, एल आल्तोच्या कडेकडेनं जाते, आणि तिच्या शेवटच्या स्टेशनवरून पिवळी लाईन खाली सोपोकाची नावाच्या वस्तीकडे उतरते. त्या उतारावर डबा कड्याच्या बाहेर पडतो ना, तेव्हा पायाखाली एकदम सगळं वाडगं उघडतं, विटांची लाखभर घरं आणि पलीकडे बर्फाचा इलिमानी, ६,४०० मीटरच्या वर. तिथे मी आणि नवरा दोघंही बोलायचं विसरलो होतो, आणि ते गप्प बसणं आदल्या दिवशीच्या गप्प बसण्यासारखं नव्हतं. एक गंमत बघ, आपल्याकडे डोंगरावर बंगला म्हणजे श्रीमंती, तिथे उलटं आहे, जितकं खाली जाशील तितकी पैसेवाली वस्ती, कारण खाली ऊब आहे आणि श्वास आहे.

सोपोकाचीत जेवा, बसून, खुर्चीवर, तासभर. मग दोन तास वेगळे व्हा. हो, ठरवून. त्याला कदाचित हाएन गल्लीतली म्युझियमं बघायची असतील, रविवारची वेळ आधी तपासा, किंवा घागरा आणि गोल हॅट घातलेल्या चोलितांची कुस्ती त्याच्या शीटमध्ये असेल, असतेच प्रत्येकाच्या शीटमध्ये, ती रविवारी एल आल्तोत होते पण ती दोन तासांत होणारी नाही, म्हणून ते त्याचं "एक" असेल तर दोघं जा आणि टूरवाल्यांबरोबरच परत या, अंधारात तिथे एकट्यानं फिरू नका. तू त्या दोन तासांत एखाद्या बाकावर बस, फळांचा ज्यूस पी, आईला फोन कर, काहीच करू नकोस. हरवण्यात आणि वेगळं होण्यात फरक एवढाच असतो गं की परत कुठे भेटायचं हे माहीत असतं. म्हणून दुसरं सिमकार्ड घ्या, पहिलं काम ते, आणि भेटायची जागा दर वेळी तोंडानं ठरवा, सान फ्रान्सिस्को चर्चच्या पायऱ्या ही सगळ्यात सोपी, रिक्षावाल्यालाही कळेल अशी. तरी चुकामूक झालीच तर ला पाझमध्ये एक सोय आहे, उतारानं चालत राहायचं. शहराच्या मध्यातून चोकेयापू नदी वाहते, तिच्यावर स्लॅब टाकून प्रादो नावाचा मुख्य रस्ता केलाय, त्यामुळे सगळे उतार शेवटी प्रादोला येऊन मिळतात, पाण्यासारखे. चुकलेला माणूस तिथे सापडतो.

संध्याकाळी चर्चच्या मागच्या सागार्नागा गल्लीत खरेदी करा. वर लिनारेसच्या गल्लीत ते चेटकिणींचं मार्केट म्हणतात ते आहे, तिथे लामाचे वाळवलेले गर्भ टांगलेले दिसतील, दचकू नकोस, घर बांधताना पायाच्या खड्ड्यात पुरतात, पाचामामा म्हणजे धरतीमातेला नैवेद्य म्हणून. आपण पायाभरणीला नारळ फोडतो, नाणं टाकतो, भाव तोच आहे, वस्तू जरा अंगावर येते. फोटो विचारून काढा, विशेषतः त्या आजींचे. आणि ते काही बॅगेत घालून आणू नका, कोकाची पानंसुद्धा नाही, एक पाकीटही नाही, चहाच्या पिशव्याही नाही. तिथे ती चिंचेच्या पाल्यासारखी विकतात, पण आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात कोकाचं पान बसतं आणि कस्टमवाल्याला तुझं उंचीचं दुखणं सांगून उपयोग नाही. पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड हँडबॅगेत वर ठेव, बोलिव्हियातून भारतात उतरताना मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

पहाटेची टॅक्सी हॉस्टेलवाल्यांकडूनच फोन करून मागवा, रस्त्यावर हात करून नाही. साध्या कपड्यातला कोणी "पोलीस" म्हणून पासपोर्ट-पैसे दाखव म्हणाला, किंवा अंगावर कोणी काही उडवून लगेच पुसायला धावलं, तर थांबायचं नाही, बॅग पोटाशी धरून जवळच्या दुकानात शिरायचं. आमच्यावर मोहरीची सॉस उडाली होती, नवऱ्याचं जॅकेट गेलं पण पाकीट राहिलं.

एकमेकांसाठी आहात की नाही हे तू विचारलंस. मला नाही माहीत गं, चार ओळींच्या पत्रावरून आणि एका गुरुवारवरून ते कोणालाच सांगता येणार नाही, आणि जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. पण त्या दिवसावरून नको ठरवूस. झोप नाही, जेवण नाही, हवा नाही, एक सिम, चौदा ठिकाणं, त्यात कोणीही कोणासाठी नसतं. रविवारी दोघं झोपलेली असाल, जेवलेली असाल, तू तोंड उघडून "थांब" म्हणशील. तेव्हा तो थांबतो का बघ. तेव्हाही नाही थांबला तर मला परत लिही, मग मी वेगळं पत्र लिहीन, आणि त्यात रोपवेची माहिती नसेल.

आता तो बाजार. एल आल्तोच्या बाजारात बहुतेक जणांच्या जागा ठरलेल्या असतात, तुझ्या त्या जॅकेटवाल्या बाई रविवारीही तिथेच बसतील अशी बरीच शक्यता आहे. लाल लाईनच्या स्टेशनवरून तुला रस्ता आठवेल, पाय लक्षात ठेवतात असल्या जागा. नवऱ्याला पुढे नको, शेजारून ने. तिथे गिऱ्हाईक विकणारीला कासेरिता म्हणतं आणि तीही गिऱ्हाइकाला कासेरिताच म्हणते, आपण कसं भाजीवालीला मावशी म्हणतो आणि ती आपल्याला ताई. तर "कासेरिता" म्हणून हाक मार, सुक्रेहून चॉकलेट घेऊन जा तिच्यासाठी, सुक्रेचं चॉकलेट तिथे नावाजलेलं आहे. नवऱ्याला सांग की ज्या बाईंनी मला स्टूल दिलं त्या ह्या, आणि त्याला स्वतःला थँक यू म्हणू दे, मोडक्या स्पॅनिशमध्ये, तू भाषांतर करू नकोस.

मग एक जॅकेट घे तिच्याकडून, त्याच्या मापाचं. भाव फार पाडू नकोस. पैसे दिल्यावर मात्र "यापा" माग, म्हणजे भाजीवर कोथिंबीर मागतो तसं वर काहीतरी, तिथे मागायची पद्धतच आहे, कोणी वाईट मानत नाही. मोजे देईल, टोपी देईल, काय देईल ते मला कळव.

तुझी,
ताई